गेळाचे मासे

टँकरमधल्या पाण्याला काय म्हणायचं, ते रघुनं देऊला पहिल्याच दिवशी नीट समजावून दिलं होतं. केमिकल म्हणायचं नाही. विष हा शब्द तर जिभेवरसुद्धा आणायचा नाही. कोणी विचारलंच तर धुवणाचं पाणी म्हणायचं. कंपनीत ड्रम धुतात, त्याचं पाणी. त्यात काय असणार? रघु हे सगळं हसत हसत, देऊच्या खांद्यावर हात टाकून बोलला. तो मूळचा चामटोलीकडचा, आता अंबरनाथच्या आनंदनगरातल्या एका कंपनीच्या कंत्राटदाराचा माणूस झालेला, मोटारसायकलवरून हिंडणारा. असा माणूस ठाकरपाड्यावरच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टाकतो म्हणजे काय, हे देऊला पुरतं कळलं होतं.

काम तसं काहीच नव्हतं. बारवीच्या रस्त्याला जंगलखात्याची कच्ची वाट फुटते, तिथं दिवस उगवायच्या आधी उभं राहायचं, टँकर आला की त्याला मागे मागे घेत खिंडीच्या कडेला न्यायचं आणि रबरी पाइपाचं तोंड खाली धरायचं. खिंड पाड्याच्या पलीकडच्या अंगाला. तिथलं पाणी पाड्यात येत नव्हतं. मग ते कुणाकडे जात होतं, हे देऊनं स्वतःला कधी विचारलं नाही.

या कामाचा मोबदला म्हणजे वाळूची नोकरी. वाळू हा देऊचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षं तो त्याच कंपनीत कंत्राटावर ड्रम धूत होता, तिकडेच राहायचा, सुट्टीला तेवढा पाड्यावर यायचा. पावसाळ्याच्या तोंडावर बारा जणांना परमनंट करणार होते आणि त्या बारांत वाळूचं नाव होतं. रघु दर खेपेला त्याची आठवण करून द्यायचा. दमात नाही हो, अगदी मायेनं. यादी माझ्याच खिशात असते, देऊकाका, म्हणायचा.

आणि यादीतून नाव गेलं की काय होतं, ते देऊनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सोनिवलीचा भीमराव. बौद्धवाड्यातला, शिकलेला, सरळ माणूस. त्याच कंपनीत होता. एक दिवस गेटवर चार जणांत त्यानं हात पुढे केले, म्हणाला, बघा, कातडी सोलून निघतेय आणि तुम्ही याला धुवणाचं पाणी म्हणता. त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कोणी बोलेना. मग तो पितो असं झालं, मग त्याचं डोकं फिरलंय असं झालं, मग गेटवरचा वॉचमन त्याला ओळखेना. अख्ख्या अंबरनाथात एकाही कंपनीनं त्याला उभं केलं नाही. त्याच्या भावालासुद्धा घरी बसवलं.

तोच भीमराव एकदा बदलापूरच्या बाजारात देऊला भेटला. देऊ सरपणाची मोळी घेऊन बसला होता. भीमराव शेजारी उकिडवा बसला आणि हळूच विचारू लागला, आमच्या विहिरीला वास मारतोय, देऊबाबा, तुमच्या अंगाला टँकर दिसतात का कधी? देऊनं कानांवर हात ठेवले. आम्ही रानातली माणसं, आम्हाला काय कळतंय त्यातलं, म्हणाला. भीमराव उठून गेला. त्या दिवशी मोळी विकली गेली, पण देऊला सबंध वाट चढेपर्यंत असं वाटत होतं की आपल्या तोंडाला घाण येतेय.

ते साल एक्याण्णव. वैशाखाचं ऊन असं की नांगराच्या फाळाला हात लावला तर चरका बसावा. पाड्यानं राब भाजून ठेवले होते; ऐनाच्या डहाळ्या, पाला, शेण सगळं जळून खाचरांत काळे चौकोन उमटले होते. आता आभाळाकडे बघायचं आणि पाणी जपायचं. ओहोळ केव्हाच आटला होता. राहिला होता एक डोह, कोंडीचा, गुडघाभर पाण्याचा. त्याच्या काठी रेतीत खणलेला झिरा, आणि त्या झिऱ्यावर अठरा घरं. बाया करवंटीनं पाणी भरत, एका हंड्याला तास लागे. खालच्या रस्त्यानं इलेक्शनच्या जीपगाड्या भोंगे लावून जात. त्यांचं बोलणं डोंगराला आपटून वर येई, पण काय म्हणतात ते कळत नसे.

त्या दिवशी खिंडीच्या वाटेवर जंगलखात्याचा गार्ड दिसला. टँकरवाला घाबरला. रघु मोटारसायकलवरून पुढे होता, त्यानं टँकर मागे फिरवला आणि वरच्या वळणावर आणून उभा केला. तिथून उतार थेट कोंडीत जातो.

"आज इथंच सोड," रघु म्हणाला.

देऊ म्हणजे ब्र काढणारा माणूस नव्हे. पण त्या वेळी त्याच्या तोंडून निघालं, "खाली कोंडीचं पानी हाय. आमी पितो ते."

रघुनं घड्याळ बघितलं. अर्धीच टाकी आहे, जमीन पिऊन टाकेल, म्हणाला. मग थोडं थांबून, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसा, "वाळूला काल साहेबांनी नावानं हाक मारली."

बस, एवढंच. देऊनं पाइप धरला. हात त्याचेच होते, नंतर कितीही वेळा आठवलं तरी ते त्याचेच होते. पाणी तपकिरी आलं, लसणीसारख्या उग्र वासाचं, डोळ्यांत झोंबणारं. पाइपानं उसळी घेतली, नडग्यांवर फवारा उडाला. आधी गार वाटलं, मग आग आग झाली. देऊनं माती चोळली. टँकर गेला, मोटारसायकल गेली, आणि मातीवर ओला पट्टा उतारानं खाली जाताना दिसत राहिला. जमिनीनं काही पिऊन टाकलं नव्हतं.

घरी भिकीनं, त्याच्या बायकोनं, नडग्या बघितल्या. राबाची धग लागली, तो म्हणाला. राब भाजून आठ दिवस झाले होते. भिकीनं पुढे विचारलं नाही. नवरा दिवस उगवायच्या आधी कुठं जातो हेही तिनं कधी विचारलं नव्हतं. त्या घरात काय विचारायचं नाही हे सगळ्यांना आपोआप कळायला लागलं होतं.

देऊच्या जिवाची तगमग चालली होती. झिऱ्यावर जाऊन सांगायला हवं. काय सांगायचं? खरं नको, पण काहीतरी सांगायला हवं. माकड मेलंय म्हणावं पाण्यात. की जनावर पडलंय म्हणावं? चांगलं पटेल असं खोटं तो शोधत बसला, आणि ते सापडायच्या आत चिमी बोंबलत वर आली. चिमी म्हणजे शेजारच्या चांगोची नात, सात वर्षांची, आईवेगळी. कोंडीतले मासे वर आलेत, मासेच मासे, असं ती दारोदार सांगत सुटली.

देऊ धावला. अख्खा पाडा काठाला जमला होता. मळ्ये, खवल्या, हातभर मरळी, सगळ्या पांढरं पोट वर करून तरंगत होत्या. आणि चांगो कमरेला फडकं गुंडाळून पाण्यात उभा होता, तोंडभर हसत.

"देऊ, लेका! एकट्यानं गेळ टाकलास आनि सांगितलं नाय?"

आता हे गेळाचं सांगायला हवं. रानात गेळाची झाडं असतात, त्यांची फळं कुटून उन्हाळ्यात डोहात टाकली की मासे गुंगतात आणि वर येतात. ठाकरांची ही बापजाद्यांपासूनची रीत. मासे चांगले चोळून धुवायचे आणि खायचे, काही होत नाही; फार तर एखादी उलटी. ज्यानं गेळ टाकला त्याचा मान पहिला, मग घरटी वाटा. मासे वर आलेत म्हणजे कोणीतरी गेळ टाकलाय, यापलीकडे कुणाच्या डोक्यात काही येणंच शक्य नव्हतं. आणि सकाळी वरच्या अंगानं आलेला माणूस एकच, देऊ.

देऊनं तोंड उघडलं. समोर सगळे चेहरे त्याच्याकडे वळलेले. शिमग्यापासून कुणाच्या घरात मासळी शिजली नव्हती. बाया हसत होत्या, पोरं टोपल्या घेऊन नाचत होती. जन्मात पहिल्यांदा अख्खा पाडा त्याच्याकडे इतक्या कौतुकानं बघत होता. आणि खोटं तर आयतं समोर आलं होतं, त्याला स्वतःला बनवायचीही गरज नव्हती.

"हा," तो म्हणाला. "पाटीभर कुटला."

आपल्याच तोंडानं माणूस कसा खड्ड्यात जातो बघा. एकदा गेळ म्हटल्यावर पुढची सगळी वाट बंद. तरी त्यानं धडपड केली. गेळ जास्ती पडलाय, आज खाऊ नका, फेकून द्या, असं तो दोघाचौघांना सांगत फिरला. लोक हसले. तीनदा धुऊ, म्हणाले. आणि त्यांनी खरंच तीनदा धुतले, काठाला बसून, त्याच पाण्यात. चांगोनं सगळ्यांत मोठ्या दोन मरळी पानावर घालून मानाचा वाटा म्हणून देऊच्या घरी पोचवल्या.

भिकीनं हौसेनं कालवण टाकलं. लाल मिरची, चिंच, वर दोन पानं कढीलिंबाची. चुलीशेजारी जिवली बसली होती, वाळूची बायको, सातवा महिना लागलेला. आठ दिवस ती मासा मासा करत होती. वास घरभर दरवळला. देऊ दारातून आत आला आणि त्यानं लाथेनं मडकं उलटवलं.

चुलीत सगळं गेलं. राख उडाली. भिकी जागची हलली नाही. ती एवढंच म्हणाली, पोटुश्या पोरीच्या तोंडचं काढलंत, तुमच्या अंगात काय आलंय? सुनेकडे न बघता देऊ म्हणाला, जिवले, आज मासा खायचा नाय, कुनी दिला तरी नाय. ती, हा मामा, म्हणाली. का, ते त्यानं सांगितलं नाही.

दुपारी चांगो वाडगं घेऊन आला. गरम कालवण, वर मरळीचं डोकं. दोस्ताच्या रागाची त्याला गंमतच वाटत होती. तीस वर्षं दोघं एकमेकांच्या खाचरात सावडीनं राबलेले. तो अंगणातूनच म्हणाला, तुझ्या डोक्याचा राग पोरीच्या पोटावर कशाला? चिमीनं दोन ताटं खाल्ली, जिवलीलाही खाऊ दे.

देऊ ओट्यावर कोयता घासत बसला होता. आपलं मडकं माणूस लाथाडू शकतो, दुसऱ्याचं वाडगं कसं लाथाडणार? चांगोला सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण चांगो म्हणजे पोटात काही न राहणारा माणूस. संध्याकाळपर्यंत पाडाभर होईल, उद्या रस्त्यावर, परवा कंपनीत. यादी लागायला वीस दिवस राहिले होते. आणि खाऊन झालंच आहे की सगळ्यांचं, आता सांगून काय उपयोग, असंही त्याच्या मनानं त्याला समजावलं. मन फार लबाड असतं अशा वेळी. सुनेला आपण बजावलंय, ती खायची नाही, असं धरून त्यानं वाडगं तिथंच राहू दिलं, कोयता उचलला आणि तो रानात निघून गेला.

जिवलीनं खाल्लं. सातव्या महिन्याची पोर, सकाळपासून पेजेवर. कारण कळलं असतं तर तिनं वाडग्याला बोटही लावलं नसतं.

दिवस कलताना घरोघरी उलट्या सुरू झाल्या. लोक घाबरले नाहीत. गेळानं उलटी होतेच, देऊनंच तर सांगितलं होतं जास्ती पडलाय म्हणून. झिऱ्याचं पाणी पाजत होते एकमेकांना. देऊ दारोदार फिरून सांगत होता, पानी नका पाजू, पेज पाजा. का रे बाबा, असं कोणी विचारलं की पुढच्या दाराला निघायचा.

सकाळी मोठी माणसं सावरली, पण चिमी उठेना. तोंडाला लाळ, हातापायांना झटके. इकडे जिवलीचीही तीच गत, डोळ्यांना दिसत नाही म्हणत होती. दोन बांबूंना दोन झोळ्या बांधल्या. एका झोळीच्या पुढच्या टोकाला चांगो, मागच्याला देऊ. दुसरीला पाड्यातले दोघे, भिकी बरोबर. डोंगर उतरताना चांगो सारखा चिमीशी बोलत होता. रस्त्याला आल्यावर इलेक्शनची एक जीप थांबली, आतल्यानं वाकून पाहिलं आणि ती निघून गेली. मग उल्हासनगरच्या एका सिंधी आंबेवाल्याचा टेंपो आला. त्यानं काही विचारलं नाही, पेट्या एका बाजूला ढकलल्या आणि "बैठो, जल्दी बैठो" म्हणाला. उल्हासनगरच्या मोठ्या इस्पितळाच्या दारात त्यानं दोन्ही झोळ्या उतरवून दिल्या.

वॉर्डात डॉक्टरीण बाई होत्या, तरुण, घामानं डबडबलेल्या. काय खाल्लं, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी देऊकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून वाळू आत आला, कंपनीच्या खाकी कपड्यांत, आणि त्याच्या मागे रघु. झोळ्या रस्त्याला आल्या तशी बातमी कंपनीत पोचली होती, रघुनंच त्याला गाडीवर बसवून आणलं होतं. रघुनं देऊला बाजूला घेतलं. घाबरू नका, म्हणाला, औषधाचं कंपनी बघेल, मी साहेबांशी बोललोय. फक्त डॉक्टरांना नीट सांगा, गेळाचे मासे म्हणून.

देऊनं नीट सांगितलं. गेळ म्हणजे काय, तो कसा कुटतात, पाटीभर टाकला, मीच टाकला. बाई लिहीत होत्या. अजून काही पोटात गेलंय का, फवारणीचं औषध, कंपनीचं काही, असं त्यांनी दोनदा विचारलं. देऊ दोनदा नाय म्हणाला. मग त्यांनी सलाइन लावलं, पोट धुवायला घेतलं.

तासाभरात चिमी गेली. एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. चांगोला बराच वेळ ते पटलं नाही. तो तिचे पाय चोळत राहिला, गार पडतात म्हणाला. शेवटी नर्सनं त्याचे हात धरले.

बाई जिवलीच्या खाटेशी आल्या. तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, मग परत पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हिच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. त्या मुलीच्याही होत्या. गेळानं असं होत नाही, बाबा. मला खरं कळलं नाही तर ही पण जाईल, आणि पोटातलंही. काय होतं त्या पाण्यात?"

वाळू जमिनीकडे बघत होता. रघु दारात उभा होता, चेहऱ्यावर तेच मायाळू हसू. देऊनं जिवलीकडे पाहिलं, तिचे ओठ निळे पडले होते, तोंडातून फेस गळत होता. त्यानं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"हे बघा, बाई. ह्या पान्यानं जळलंय. गेळ नाय टाकला कुनी. टँकर आला हुता कंपनीचा. पाइप मी धरला, कोंडीवर."

सगळा वॉर्ड ऐकत होता. वाळूनं "बा, गप" म्हटलं, पण देऊ आता थांबणार नव्हता. रंग सांगितला, वास सांगितला, दिवस सांगितला. बाईंनी वाळूला विचारलं, तू तिथं काम करतोस ना, ड्रमावर काय लिहिलेलं असतं? वाळू आश्रमशाळेत सातवी शिकलेला, पाड्यातल्या सगळ्यांची पत्रं वाचणारा. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला.

देऊला पोराचा राग आला नाही. असं कसं बोलायचं असतं, ते पोरगं घरातच शिकलं होतं. बाईंनी नर्सला ओरडून इंजेक्शनं मागवली आणि स्वतःच्या अंदाजानं एकामागून एक टोचत सुटल्या. रघु दारातून केव्हा गेला ते कुणी पाहिलं नाही. थोड्या वेळानं वाळूही त्याच्यामागे बाहेर गेला. भिकीनं पोराला हाक मारली नाही, तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

देऊला वाटलं होतं, बोललो की सुटलो. छातीवरचं ओझं उतरेल. तो भिंतीला टेकून खाली बसला, तोच चांगो येऊन त्याच्यासमोर उभा राहिला. रडत नव्हता, हातही उगारला नाही. चिमीचा झगा त्यानं घडी करून काखेत धरला होता.

"काल तुला ठावं हुतं?" चांगोनं विचारलं.

देऊनं हो म्हणून मान हलवली.

"मी वाडगं घेऊन आलो, तवा ती अंगनात खेळत हुती. चालती बोलती हुती. तवाच सांगितलं असतंस तर मी तिला खांद्यावर घेऊन पळालो असतो. मला का नाय सांगितलंस, देऊ?"

परमनंट, यादी, वीस दिवस, सगळी कारणं देऊच्या तोंडाशी येऊन थांबली. एकही शब्द चांगोसमोर काढण्यासारखा नव्हता. चांगो वाट बघत उभा राहिला. वॉर्डबॉय पोरीला न्यायला आला, कोण सही करणार म्हणून विचारू लागला, तरी चांगो हलला नाही. तो देऊच्या तोंडाकडेच बघत होता.